रुपया कुणाला दिसतो

खोली बघायला गेले तेव्हा मॅडमनी मला भाडं सांगितलं नाही की पाणी कधी येतं ते सांगितलं नाही. पायरीवर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "तुझा फोन कोण कोण उघडतं?"

मी म्हटलं, मीच. आई? नाही. भाऊ? नाही. ज्याच्याशी लग्न ठरलंय तो? अजून कुणाशीच ठरलेलं नाही. तेव्हा कुठे त्या दारातून बाजूला झाल्या.

मी मूळची वडीगोद्रीची. बँकेत अधिकारी म्हणून लागले आणि बदली होऊन नवीन जालन्याच्या शाखेत आले, तेव्हा स्टेशनाच्या मागच्या गल्लीतलं हे घर एका सहकाऱ्याने सुचवलं. सुचवताना तो हसला होता. बाई चांगली आहे म्हणाला, फक्त तिथं राहायचं म्हणजे रोज परीक्षा द्यावी लागते.

मॅडम एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वडील रेल्वेत गँगमन. त्या घरात कॉलेजची पायरी चढलेल्या ह्या पहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. केस कानापर्यंत कापलेले, आणि साडीवर बाराही महिने लांब बाह्यांचा ब्लाउज, त्याला मुद्दाम खिसा शिवून घेतलेला. जो काही रोजचा खर्च असायचा तो ह्या खिशातून, नोटांत. फोनवरून त्यांनी कधी कुणाला एक पैसा दिला नाही.

गल्लीत त्यांना झाकल्या मॅडम म्हणत. बाजारातून येताना त्यांच्या पिशवीचं तोंड दोरीने आवळलेलं असे, आत नुसते कांदे असले तरी. साबणावरची, बिस्किटावरची किमतीची चिठ्ठी त्या दुकानाच्या पायरीवरच नखाने खरवडून काढत. मी एकदा विचारलं की कांद्यात लपवण्यासारखं काय आहे. त्या म्हणाल्या, "मी काय खाते, कुठलं औषध घेते, हे शेजाऱ्याला कळायची गरज न्हाई. शेजारी चांगला आहे. पण त्याच्याकडं पाहुणे येतात."

दुसरी त्यांची खोड त्याहून अवघड होती. त्यांच्याशी वाद घालायचा तर आधी त्यांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवावं लागे. ते जमलं तरच आपलं तोंड उघडायचं. ही अट त्या स्वतःलाही लावत. दुधात पाणी आहे म्हणून दूधवाल्याला थांबवलं, तेव्हा त्याला त्यांची बाजू मांडायला लावली आणि स्वतः त्याची बाजू मांडली: पेंडीचा भाव, उन्हाळ्यातला चारा, म्हशीचं आजारपण. इतकी मांडली की शेवटी त्यांनी आपण होऊन लिटरमागे भाव वाढवून दिला. दूधवाला जाताना म्हणाला की पाणी खरंच होतं.

माझ्याकडे शाखेत डिजिटल रुपयाचं काम आलं तेव्हा मला ह्या अटीचा चांगलाच जाच झाला. दिवसभर जुन्या जालन्यात कापडाच्या आणि धान्याच्या दुकानांतून फिरून दुकानदारांच्या फोनवर त्याचं ॲप चढवून द्यायचं, असं ते काम. संध्याकाळी मॅडम विचारत, आज काय सांगितलंस लोकांना? मी सांगे. बँकेतल्या खात्यात असतो तो रुपया म्हणजे बँकेने तुम्हाला दिलेला शब्द असतो. हा मात्र नोटेसारखा, देशाच्या मध्यवर्ती बँकेचा सरळ रुपया, फक्त कागदाऐवजी फोनातल्या पाकिटात. मधली बँक बुडाली तरी तो बुडत नाही.

ह्या एका मुद्द्यावर त्या वाद घालत नसत. अंबडला त्यांची धाकटी बहीण होती. तिने शिवणकामातून साठवलेलं सगळं एका पतसंस्थेत ठेवलं होतं आणि एका सकाळी त्या पतसंस्थेचं शटर वर गेलंच नाही. बहीण पुढे कितीतरी दिवस रोज तिथल्या पायरीवर जाऊन बसायची. मॅडम तिला उठवून घरी आणायच्या. "तेव्हा हा रुपया असता तर ती पायरीवर बसली नसती," त्या म्हणाल्या. "हे तुझ्यापेक्षा मीच चांगलं सांगू शकते. आता माझं तू सांग."

मग मी त्यांचे धोके मांडायचे. रुपया फोनात आला की त्याला हुकूम देता येतो. हा फक्त बियाण्याला चालेल, दवाखान्याला नाही, असं कुणी ठरवू शकतं. अनुदानाच्या कामी ते चांगलं, मधला माणूस खाणार नाही. पण पोरगं तापाने फणफणलं असताना हातात बियाण्याचाच रुपया असला तर काय करायचं? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो कुणाला दिसतो. नोट हातातून गेली की ती कुणाची होती हे ती सांगत नाही. हा सांगेल.

मी म्हणायचे, पाकिटात पैसे भरले की पासबुकात तेवढी एक ओळ येते. पाकिटातून कुठं खर्च केला ते पासबुकात येत नाही. आणि लहान रकमा वरही कुणी बघत बसणार नाही असं सांगतात.

"सांगतात," मॅडम म्हणायच्या, आणि उठून भाजी चिरायला जायच्या.

वरच्या खोलीत मनीषा राहायची. ती माझ्या आधी काही महिने आलेली. एका लहान लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची, पगार रोख घ्यायची. मनीषा फोनवरून पैसे देत नसे, तसं मॅडमनी तिला बजावूनच ठेवलं होतं. कारण मला हळूहळू कळलं. तिचा नवरा संभाजीनगरला होता. ती घर सोडून आली तेव्हा सिमकार्ड तिच्याजवळ राहिलं, पण पासबुक त्याच्याकडे राहिलं. तो ते दर आठवड्याला मशीनवर छापून घ्यायचा. तिच्या खात्यातून कुठंही काही गेलं की त्याला कुठं गेलं ते वाचता यायचं. नवीन खातं काढायचं तर आधारला त्याचाच नंबर जोडलेला. ओटीपीचे आकडे त्याच्या फोनवर जाणार.

मॅडम बहिणीकडे अंबडला गेल्या असताना मनीषाला सणकून ताप भरला. मी शाखेत होते. तिच्याजवळच्या सुट्या नोटा संपल्या होत्या, बाकीच्या कपाटात कुलपाखाली, किल्ली मॅडमकडे. ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली आणि गोळ्यांचे पैसे फोनवरून दिले. रक्कम अगदी मामुली होती.

पुढच्या रविवारी सकाळी तो दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. दार मी उघडलं. त्याने नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावरून आत बघत, मॅडमना उद्देशून म्हणाला, "मी काही तमाशा करायला आलो न्हाई, मॅडम. माझी बायको न्यायला आल्तो."

मॅडमनी इथं कुणाची बायको नाही असं सांगितलं. त्याने पासबुक उघडून त्यातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ओळीत त्या मेडिकलचं नाव होतं. तिथून चालत आलो म्हणाला, वाटेत चार-पाच घरी विचारलं. लॅबमध्ये काम करणारी पोरगी कुठं राहते ते शेवटच्या घराने सांगितलं.

मला वाटलं मॅडम दार लावून घेतील. त्यांनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली आणि मला चहा ठेवायला सांगितलं. सांगताना त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. वरच्या खोलीचा जिना स्वयंपाकघरातून होता आणि स्वयंपाकघराचं मागचं दार दुसऱ्या गल्लीत उघडत होतं.

मी चहाचं आधण ठेवून वर गेले. मनीषाने खिडकीतून त्याला येताना बघितलं होतं. तिची पिशवी भरलेलीच होती. ती कायम भरलेलीच असायची हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही जिन्यावर आलो आणि मधल्याच पायरीवर थबकलो, कारण बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज स्पष्ट येत होता. तो आपली बाजू सांगत होता. ती कशी न सांगता निघून गेली, आई कशी आजारी आहे, लोक काय म्हणतात. शांतपणे सांगत होता.

त्याचं संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुमचं मी ऐकलं. ह्या घराची एक रीत आहे. आता तिची बाजू तुम्ही सांगा. ती इथं बसली असती तर काय म्हणाली असती?"

तो हसला. "काय म्हणंल? पगार घेतो म्हणंल. घरात पैसा एकाच हातात राह्यलेला बरा, त्यात काय वाईट हाय?"

"तिचं सांगा. उत्तर नंतर."

पासबुक मिटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हात उचलतो म्हणंल. बाहेर जाऊ देत न्हाई म्हणंल. एकदा चहाचं पाणी सांडलं अंगावर. ते सांडलं व्हतं. पण ती सांगंल की मी ओतलं."

माझ्या पुढच्या पायरीवर मनीषाचा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. तिने चपला हातात घेतल्या होत्या.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तुम्ही माझ्याकडून वदवून घेऊन राह्यल्या, मॅडम." आवाज आता तसा शांत नव्हता.

आम्ही मागच्या दाराने निघालो. माझी गाडी मागच्या गल्लीतच लावलेली असायची. बसस्टँडवर नागपूरच्या वाटेवरच्या कारंजाची गाडी उभी होती. नागपूरला तिची लॅबच्या कोर्सच्या वेळची एक मैत्रीण होती. त्या तापानंतर साठवलेला सगळा पगार ती पर्समध्येच ठेवायची, नोटांत. गाडी हलेपर्यंत मी खिडकीखाली उभी राहिले, पण माझं सगळं लक्ष घराकडे होतं. मॅडम घरात एकट्या होत्या.

परत आले तेव्हा पुढचं दार सताड उघडं होतं आणि तो पायरीवर बसून बूट घालत होता. मॅडमनी त्याला वरची रिकामी खोली स्वतः नेऊन दाखवली होती. आत चहा आटून भांडं करपलं होतं. जाताना तो मला म्हणाला, "पैसा तर लागंलच तिला. लागला की मला दिसंल."

त्या संध्याकाळी मनीषाचा फोन आला. ती कारंजाच्या बसस्टँडवर होती. गाडी बदलताना कुणीतरी पर्स कापली होती. तिकिटाला पैसे नव्हते, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि फोनची बॅटरी संपत आली होती. एका टपरीवाल्याला तिने विनवलं होतं की माझी बहीण तुमच्या फोनवर पैसे पाठवेल, मला नोटा द्या. तो नाही म्हणाला, असल्या फसवणुकीच्या गोष्टी रोज ऐकतो म्हणाला. त्याच्या शेजारी बसलेला एक जण मात्र तिला तू कुठली, कुणाची, असं खोदून विचारायला लागला होता.

तिच्या खात्यात पैसे टाकले तर पासबुकात ओळ येणार. तिने तिथून तिकीट काढलं तर दुसरी ओळ. मी मॅडमना म्हटलं, एकच रस्ता आहे. तिच्या सिमवर पाकीट चालू करू, तुमच्या फोनवरही करू, आणि पाकिटातून पाकिटात पाठवू. मी माझ्याच पगाराच्या खात्यातून पाठवू शकले असते. पण मॅडमनी हात पुढे केला. पैसे माझे जातील, त्या म्हणाल्या, तुझी नोकरी आहे.

मग त्यांनी प्रश्न विचारले. फोन कानाला धरून मनीषा पलीकडे थांबलेली, आणि ह्या विचारत होत्या. त्याच्या पासबुकात काय येईल? काहीच नाही. कशावरून? मी माझं पासबुक काढून दाखवलं. पाकिटात भरलेले पैसे एका ओळीत होते, त्यातून आठवडाभर प्यायलेला चहा कुठंही नव्हता. तिथला कंडक्टर घेईल का? त्याच्या मशीनवरचा तोच कोड चालतो. आणि वर, अगदी वर, कुणाला दिसेल?

"दिसू शकतं," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मला वाटलं आता माझी बाजू मांडायला सुरुवात करतात की काय. पण त्या म्हणाल्या, "वरचा धोका लांबचा आहे. हा जवळचा आहे. आधी जवळचा. चल, जल्दी कर."

मनीषाला मी फोनवरून एकेक पायरी सांगत गेले. मॅडमनी चष्मा वर करून आयुष्यात पहिल्यांदा फोनवरून पैसे पाठवले. मिळाले, एवढं ती म्हणाली आणि फोन बंद पडला. आम्ही दोघी ओसरीत बसून राहिलो. कुणी जेवलं नाही. सकाळी नागपूरहून एका अनोळखी नंबरचा फोन आला तेव्हा मॅडमनी तो मला घ्यायला लावला. त्यांच्याने घेववेना. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत फोन चार्जिंगला लावून तिने पाकिटातून तिकीट काढलं होतं आणि ती मैत्रिणीच्या खोलीवर पोचली होती.

पुढे मनीषाला तिकडे काम मिळेपर्यंत मॅडम तिला पाकिटातून थोडे थोडे पाठवत राहिल्या. मात्र त्यामुळे त्यांचं मत बदललं असं कुणी समजू नये. दूधवाल्याला नोटाच मिळत, पिशवीचं तोंड आवळलेलंच राही, आणि माझ्या कामाबद्दलचे त्यांचे प्रश्न उलट वाढले.

मनीषाचा नवरा आता जालन्याला यायला लागला. तिचं खातं आमच्याच बँकेचं, आणि आमच्या शाखेच्या दाराशी पासबुक छापायचं मशीन होतं. काही शनिवारी मला काचेतून दिसायचं, तो रांगेत उभा आहे. त्याची पाळी आली की मशीन करकर करायचं. मशीन पासबुक जसंच्या तसं बाहेर ढकलायचं, आणि तो ते कोरं पान उजेडात धरून बघायचा.

त्याच सुमारास आमच्या वरिष्ठांनी व्यापाऱ्यांची एक सभा ठरवली. डिजिटल रुपयाचे फायदे सांगायचे होते. मीच सुचवलं की मॅडमना बोलवू, त्या दोन्ही बाजू तोलून सांगतात, लोकांचा विश्वास बसेल. मॅडम आल्या. हॉल भरलेला होता. त्यांनी सुरुवात केली ती बहिणीच्या पतसंस्थेपासून, आणि माणसं कान देऊन ऐकायला लागली. बुडणारा पैसा आणि न बुडणारा पैसा ह्यातला फरक त्यांनी असा सांगितला की पुढच्या रांगेतल्या कापडवाल्याने फोनच बाहेर काढला. वरिष्ठ माझ्याकडे बघून हसले.

"आता हा रुपया कुणाला दिसतो ते बघू," मॅडम म्हणाल्या, आणि थांबल्या.

त्या दाराकडे बघत होत्या. मग त्यांनी पदर खांद्यावर घेतला आणि म्हणाल्या, "सगळ्यांना दिसतो. ह्या रुपयाचं पाऊल न् पाऊल पासबुकात उमटतं. चहा प्या, तिकीट काढा, कुणाला द्या, ओळ येते. त्यातून काहीही लपत न्हाई."

हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्या हॉलमध्ये त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. वरिष्ठ मला कुजबुजले, उठा, खोडून काढा. मी उठले. मॅडम बघत होत्या तिकडे माझीही नजर गेली. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर मनीषाचा नवरा बसला होता; सभेचा फलक शाखेत मशीनशेजारीच लावलेला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पासबुक.

माझ्या हातात माइक आला. मी म्हटलं, मॅडम बराबर सांगतायत. मग माइक खाली ठेवला.

कापडवाल्याने फोन खिशात टाकला. लोक उठायला लागले. वरिष्ठांचा चेहरा मी बघितला नाही. चहाच्या टेबलाशी तो आमच्याकडे आला आणि मॅडमना म्हणाला की तुम्ही फार चांगलं बोललात. "सगळं दिसतं हे बरंच हाय की, मॅडम. दिसलंच पाहिजे. तिच्या खात्यात अजून एक दमडी हलली न्हाई. म्हंजे कुणी देऊन न्हाई राह्यलं. थकंल आन् येईल."

"येईल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्याच्यापुढे बिस्किटांची बशी केली.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. नूतन वसाहतीच्या वळणावर त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं शिकवलं. कधी अर्धं सांगितलं न्हाई. आज सांगितलं." मग त्यांनी माझा हात धरला. "तुझं काय होईल आता?"

मला मेमो आला. काही महिन्यांनी परभणीला बदलीही झाली. बदलीआधी मी सुट्टीच्या दिवशी एकेका दुकानात जाऊन खरं काय ते सांगून आले, पासबुकात काय दिसतं आणि काय नाही ते. कुणी ऐकलं, कुणी म्हणालं की आधी तुम्ही ठरवा. तोपर्यंत मनीषाने आधारवरचा नंबर बदलून घेतला होता, नागपुरात नवीन खातं काढलं होतं आणि वकील गाठला होता. कोर्टाची नोटीस हातात पडली तेव्हा तो अजून पासबुक छापतच होता. नंतर शनिवारी रांगेत तो दिसला नाही, असं सहकाऱ्याने सांगितलं. मनीषा आता एका मोठ्या दवाखान्याच्या रक्तपेढीत आहे. तिचा निकाल अजून लागायचाय.

मॅडमशी फोनवर बोलणं होतं. डिजिटल रुपयाचे नवीन धोके त्या वाचून ठेवतात आणि मला ऐकवतात, मी त्याचे फायदे त्यांना ऐकवते. परवा त्यांचा फोन आला तो मात्र भर दुपारी, माझ्या कामाच्या वेळेत. त्या कधी कामाच्या वेळेत फोन करत नाहीत.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "फोन कुणी फोडून टाकला, तर पाकिटातला रुपया परत मिळतो का?"

त्यांच्या मागे लहान मूल रडत होतं, आणि कुणीतरी बाई त्याला हळू आवाजात गप्प करत होती.

मी केबिनचं दार लावून घेतलं. मिळतो, म्हटलं, पण सिम आपल्याकडे पाहिजे, आणि काही गोष्टी आधी करून ठेवाव्या लागतात.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "आवाज मोठा करते. हं, आता पहिल्यापासून सांग."